झटके मारणारा क्लच: केसिंग खोलण्याआधी आणि खोलल्यावर

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी. पहिला गिअर टाकला, क्लचची लिव्हर हळूहळू सोडतोय, काहीच होत नाही, आणि मग एकदम बेडकासारखी उडी. यावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘प्लेटा गेल्या,’ म्हणजे क्लचमधल्या एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्या झिजल्या. मला ते पटत नाही. प्लेटा झिजल्या की क्लच बहुधा घसरतो, म्हणजे रेस वाढते पण गाडी ओढत नाही. झटका मारणं हे वेगळं दुखणं आहे, आणि त्याचं मूळ पुष्कळदा इंजिनाच्या बाहेरच सापडतं.

मुळात झटका क्लचचाच आहे का, ते बघा. लिव्हर पूर्ण सोडलेली असताना, चालत्या गाडीत रेस कमी-जास्त केल्यावर हिसका बसत असेल तर क्लचला दोष देऊ नका. चेन ढिली असेल किंवा मागच्या चाकातले डॅम्पर रबर, म्हणजे धक्का शोषणारे रबरी तुकडे, बसले असतील. स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तो वेग, फार वाढवून ठेवलेला असला तरी गाडी उचलताना धक्का बसतो.

आता केबल. इंजिन बंद ठेवून लिव्हर अगदी सावकाश दाबा आणि सोडा. कुठे अडकते, खरखरते, मग सटकते? ते सटकणं म्हणजेच तुमचा झटका. तुमचा हात हळू सोडतोय, पण केबल टप्प्याटप्प्याने सुटतेय. लिव्हरजवळ तारेचा एखादा धागा तुटून बाहेर आलेला दिसला तर तेलपाणी करत बसू नका, केबल बदला. तारा शाबूत असतील तर केबल लिव्हरमधून काढा, प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तिच्या तोंडाला बांधा आणि त्यात पातळ तेल ओता. खालच्या टोकातून आधी काळं, मग स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत थांबा. ग्रीस आत कोंबू नका, ते फक्त लिव्हरच्या पिनेला लावा. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलला मात्र तेल लागत नाही. केबल परत बसवताना ती टाकीखाली कुठे चेपत नाही ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा.

फ्री प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधी लिव्हर जेवढी मोकळी हलते ते अंतर, बऱ्याच छोट्या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी लागतो. नक्की आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघा. तो जास्त झाला की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकतानाच खट्ट आवाज येऊन गाडी पुढे सरकते. अगदीच नसला तर प्लेटा घसरत राहून जळतात. लिव्हरजवळच्या वरच्या अ‍ॅडजस्टरचे आटे फार बाहेर आले असतील तर तो आत घ्या आणि इंजिनाजवळच्या नटाने फरक काढा.

ऑइलच्या डब्यावर जासो (JASO, दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं, ते तेलात बुडालेल्या क्लचसाठी असतं. एमबी गिअरलेस स्कूटरसाठी, तिथे क्लच तेलात बुडालेला नसतो. ऑइल जुनं, काळं झालं असेल तर आधी ते बदला आणि थोडे दिवस चालवून बघा. फक्त सकाळचा पहिलाच झटका असेल तर प्लेटा रात्रभरात एकमेकींना चिकटलेल्या असतात. लिव्हर दाबून धरून दोन-चार किक मारा, मग गाडी चालू करा.

एवढं करूनही उडी जात नसेल तर मात्र ऑइल काढून उजवं केसिंग, म्हणजे क्लचवरचं झाकण, खोला. स्प्रिंगचे बोल्ट एकदम काढू नका, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा. प्लेटा निघाल्या की सगळ्यात आधी बास्केट बघा, म्हणजे ज्याच्या खाचांत प्लेटांचे कान बसतात तो भाग. खाचेच्या कडेवरून नख फिरवा. नख ठेचकाळलं तर तिथे प्लेटेच्या कानाने चर पाडलाय. क्लच सोडताना प्लेट त्या चरात अडते आणि मग उडी मारून सुटते. झटक्याचं हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. नव्या प्लेटा टाकूनही तक्रार तशीच राहते, कारण बास्केट जुनंच असतं. चर उथळ असेल तर बारीक कानसने फक्त उंचवटे काढा, सगळ्या खाचांत सारखे, आणि कीस एक कणही आत राहू देऊ नका. खोल असेल तर बास्केट बदलणंच बरं. आतल्या क्लच सेंटरचे, म्हणजे लोखंडी प्लेटा ज्यावर बसतात त्या भागाचे, दातेही असेच तपासा.

लोखंडी प्लेटा काचेवर आडव्या ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. पुष्कळ छोट्या गाड्यांत ०.२ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. निळसर पडलेली प्लेट तापलेली असते, ती वाकलेली निघण्याची शक्यता जास्त. स्प्रिंगा बदलायच्या तर सगळ्या एकदम. एक नवी आणि बाकी जुन्या असल्या की प्रेशर प्लेट, म्हणजे सगळ्या प्लेटा दाबून धरणारी वरची प्लेट, तिरकी उचलली जाते.

नव्या प्लेटा कोरड्या बसवू नका. त्या रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, नाहीतर पहिल्याच फेरीत पकडतात आणि जळतात. बसवल्यावर काही दिवस मोकळी रेस देऊन क्लच अर्धा दाबून चालवणं टाळा. प्लेटा बसत गेल्या की फ्री प्ले कमी होतो, तो तेवढ्यात एकदा परत लावून घ्या.