बायको पुन्हा मिस्सेला जाऊ लागली, तेव्हा नवऱ्यानं काय करावं

आमचं लग्न 2003 साली रजिस्टर झालं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणारा, घरात खंडोबा-भवानीचे टाक. ही वसईची, कॅथलिक. विशेष विवाह कायद्याची 30 दिवसांची नोटीस बोर्डावर लागली, तेवढ्या महिन्यात दोन्हीकडचे नातेवाईक रडून मोकळे झाले. पुढं वीस वर्षं हिनं चर्चचं नाव काढलं नाही. हिच्या हातचे संकष्टीचे मोदक आमच्या गल्लीत गाजायचे. मग हिची आई गेली. वसईहून परतताना पिशवीत आईची जपमाळ होती, आणि पुढच्या रविवारी ही साडेसातला साडी नेसून दारात उभी, मिस्सेला म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला निघालेली.

तुमच्या घरी असं झालं तर पहिला महिना तोंड आवरा. मी आवरलं नाही. "हे काय नवीन खूळ?" म्हणालो. ते वाक्य अजून कधीमधी मला परत मिळतं. त्यापेक्षा तिच्या आईबद्दल विचारा. लहानपणी हात धरून कोण न्यायचं, घरी जपमाळ किती वाजता व्हायची. मी हे आठ महिन्यांनी विचारलं. ही दोन तास बोलत होती आणि त्यात मला दुखवणारं एक अक्षर नव्हतं.

आमचं पहिलं मोठं भांडण देवावरून झालंच नाही, वाटणावरून झालं. रविवारी मटणाच्या रांगेत मी आणि घरी पाट्यावर ही, असा वीस वर्षांचा रिवाज. आता ही आठच्या मिस्सेला. कांदा-खोबरं तसंच, मी चिडलेलो, पोरं भुकेली. उपाय सोपा निघाला: वाटण शनिवारी रात्री करून फ्रीजमध्ये ठेवायचं. भाजणं माझ्याकडं आलं. दोनदा करपवलं. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, शुक्रवारी हिला मटण-चिकन चालत नाही, मासे चालतात. राखेचा बुधवार, म्हणजे या काळाचा पहिला दिवस, आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पोटभर जेवण. श्रावण पाळणाऱ्या घराला हे जड नाही, फक्त कॅलेंडरवर आधी खूण करून ठेवा. नाहीतर नेमके त्याच शुक्रवारी पाहुणे येतात.

देव्हाऱ्याचं जरा अवघड होतं. हिनं सांगितलं, मोदक मी करीन, पण नैवेद्य तुम्ही दाखवा, आरतीला मी उभी राहणार नाही. मला ते झोंबलं. मी आईकडं तक्रार घेऊन गेलो. आई म्हणाली, "देव तुझे. सून काय पूजेला भाड्यानं आणली होती?" तेव्हापासून सकाळचा दिवा मी लावतो. खरं सांगायचं तर त्याआधी निरांजनाची वात कशी वळतात हेही मला ठाऊक नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. एकदा तरी तिच्याबरोबर मिस्सेला जाऊन मागच्या बाकावर बसा. मी गेलो ते खरं म्हणजे पाळत ठेवायला. ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीसाठी, सगळे बाक रिकामे झाले, म्हाताऱ्या, पोरं, सगळी रांगेत. ही एकटी बसून राहिली, मान खाली. बाहेर येऊन विचारलं तर म्हणाली, "आपलं लग्न चर्चच्या लेखी झालेलंच नाही. म्हणून मला घेता येत नाही."

दोन पोरांचा बाप मी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस आम्ही भाजी-मिठापुरतं बोललो. इथंच संसार तुटायची भीती असते, म्हणून सविस्तर लिहितो.

स्वतः फादरांना भेटा. बायकोच्या तोंडून ऐकलेलं आणि मनात शिजलेलं यात फार फरक असतो. मला कळलं ते असं: कॅथलिक माणसानं बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा संस्कार, यालाच स्नानसंस्कार म्हणतात) न झालेल्याशी लग्न करायचं तर बिशपांची, म्हणजे फादरांच्या वरच्या धर्मप्रमुखांची, सूट लागते, आणि लग्न चर्चच्या पुरोहितासमोर, दोन साक्षीदारांपुढं लागायला हवं. आमच्यात दोन्ही नव्हतं. सरकारी लग्नाला यानं धक्का लागत नाही, तो दाखला तसाच पक्का. नवऱ्यानं ख्रिस्ती व्हायची अटही नाही. उलट बायबलात संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्पष्ट आहे, की विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये. फादरांनी ते मला वाचायला दिलं. मी तिथंच दोनदा वाचलं.

चर्चच्या लेखी लग्न दुरुस्त करायच्या वाटा दोन. एक, चर्चमध्ये साधेपणानं पुन्हा संमती द्यायची. मला ते नको होतं. वीस वर्षं काय मी बिनलग्नाचा राहत होतो? दुसरी वाट म्हणजे मुळापासून दुरुस्ती. जुनी संमती दोघांचीही अजून टिकून असेल तर बिशप तीच मान्य करतात, नव्यानं काही म्हणावं लागत नाही. गंभीर कारण असेल तर ही दुरुस्ती एका जोडीदाराला न कळवताही देता येते, हे फादरांनी सांगितलं तेव्हा मी हिच्याकडं बघितलं. बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, तसा सौदा हिला जमला असता. हिनं मला समोर बसवलं होतं.

कागद लागले ते आमचा विवाहाचा दाखला आणि हिचा स्नानसंस्काराचा नव्यानं काढलेला दाखला. तो वसईहून यायला वेळ गेला, म्हणून आधीच मागवा.

मुलांचं आधी बोलून घ्या. कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं, की मुलांचा स्नानसंस्कार व्हावा, ती त्या श्रद्धेत वाढावीत म्हणून मी जमेल तेवढं करीन. दुसऱ्यानं वचन द्यायचं नसतं, त्याला फक्त याची कल्पना द्यायची असते. मी वाक्यातला "जमेल तेवढं" तीनदा समजावून घेतलं. आमची मुलगी सतरा वर्षांची, मुलगा बारा. सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची इच्छा असल्याशिवाय स्नानसंस्कार देत नाहीत. मुलगी नाही म्हणाली. मुलगा नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायला जातो, कारण तिथं त्याला बल्बच्या माळा जोडायला मिळतात. हिला याचं वाईट वाटतं, आणि ते वाटणारच. तिची समजूत घालायला जाऊ नका.

गल्लीला काय सांगायचं? आमच्याकडं मिशन म्हटलं की लोकांना मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल आठवतं. ते प्रेस्बिटेरियन मिशनचं, कॅथलिकांचं नव्हे, पण हा फरक कट्ट्यावर कोण ऐकतो? एका नातेवाइकानं "किती मिळाले?" असं विचारलं. मी म्हणालो, "बाप्तिस्मा हिचा पाळण्यातला आहे, तेव्हा तुमचाही भाव विचारायचा राहून गेला." एवढंच उत्तर द्या आणि विषय बदला.

दुसऱ्या वाटेनं बिशपांच्या मान्यतेचं पत्र आलं, ते रजिस्टर दाखल्याबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. महापुराचं पाणी बघितलेलं घर आहे आमचं. त्या रविवारी ही रांगेत उभी राहिली. मी मागच्या बाकावर.

पण त्याच सकाळी मी केलेला चहा हिनं परत केला, आणि मला पुन्हा राग आला. मग कळलं, ख्रिस्तप्रसादाआधी एक तास पाणी आणि औषधाशिवाय काही घ्यायचं नसतं. आता चहा मी पावणेसातला टाकतो. ही पिऊन निघते, मी चर्चच्या दारात सोडतो आणि तसाच मटणाच्या रांगेला जातो.