प्रोब टांगला तारेला : बागेतल्या सेन्सरची आणि गाडीतल्या ट्रॅकरची राखण

ऑक्टोबर छाटणीनंतरच्या एका सकाळी सावळजच्या एका बागायतदाराचा फोन आला. "तुमचं यंत्र म्हणतंय माती ठणठणीत कोरडी. मी बोदावर उभा आहे, चप्पल चिखलातनं निघंना!"

जाऊन बघतो, तर ओलावा मोजणारा प्रोब मांडवाच्या तारेला टांगलेला. खुरपताना मावशींच्या हाताला लागला, तुटू नये म्हणून त्यांनी काळजीनं वर अडकवला. प्रोब हवा मोजत होता, नोड, म्हणजे प्रोबचा आकडा बिनतारी पाठवणारा डबा, तो आकडा एईएस-१२८ या सांकेतिक लिपीच्या कुलपात घालून पाठवत होता. रात्रपाळीची लाईट, त्या आकड्यावरून आपोआप चालणारा व्हॉल्व्ह रात्रभर उघडा. पाकीट सीलबंद, आतली चिठ्ठी खोटी.

मावशींनी भाबडेपणानं केलं ते पाण्यावरून वाकडं असलेला कुणी मुद्दामही करू शकतो. म्हणून आता मी प्रत्येक प्लॉटला दोन प्रोब बसवतो, मध्ये दहा-बारा ओळी सोडून. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक पडला तर व्हॉल्व्ह उघडायचा नाही, आधी मालकाला मेसेज. व्हॉल्व्हच्या डब्यातच टायमरही ठेवतो. ठरलेले तास झाले की वरून हुकूम येवो न येवो, तो बंद होतो. हा टायमर फार कामाचा. नोड ज्या लांब पल्ल्याच्या रेडिओवर बोलतात तो लोरा, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झवर चालतं. त्या पट्ट्यात कुणी मुद्दाम गोंगाट केला तर नोडचा आवाज गेटवेपर्यंत, म्हणजे सगळ्या नोडचे निरोप गोळा करून इंटरनेटवर टाकणाऱ्या डब्यापर्यंत, पोचत नाही, आणि पासवर्ड कितीही भारी असला तरी त्यावर इलाज नाही. नोड तासभर गप्प बसला तर फोन वाजला पाहिजे, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

आता किल्ल्या, म्हणजे निरोपाचं कुलूप लावणारे-उघडणारे गुप्त आकडे. इथं माझीच चूक सांगतो. सुरुवातीला मी सगळे नोड एबीपी या लोराच्या जोडणी पद्धतीनं जोडायचो, कारण पटकन होतं. त्यात किल्ल्या कायमच्या नोडमध्ये भरलेल्या असतात आणि प्रत्येक निरोपाला चढता क्रमांक असतो. स्वस्त नोडची बॅटरी बदलली की तो क्रमांक विसरतो, पुन्हा शून्यापासून सुरू करतो. सर्व्हरला वाटतं, कुणीतरी जुनेच निरोप परत पाठवतंय, म्हणून तो फेकून देतो. गिऱ्हाईक ओरडतं, "डेटा बंद!" मग आमच्यासारखे लोक सर्व्हरवरची क्रमांक-तपासणीच बंद करून मोकळे होतात. दोन वर्षं मी हेच केलं. म्हणजे परवाचा 'माती कोरडी' हा निरोप कुणी हवेतून टिपून आज परत सोडला असता, तर तोही खरा धरला गेला असता.

त्यापेक्षा ओटीएए ही दुसरी जोडणी पद्धत वापरा. नोड दर वेळी नव्यानं जोडणी मागतो, त्या जोडणीपुरत्या नव्या किल्ल्या तयार होतात, बॅटरी बदलली तरी अडत नाही. पण मूळ किल्ली प्रत्येक नोडची वेगळी हवी. साधी चिप असेल तर चोरलेल्या नोडमधून ती वाचून काढता येते. चाळीस नोडना एकच किल्ली दिली असेल, तर बांधावरचा एक डबा गेला की चाळीसही उघडे. आणि डब्याच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. बऱ्याचदा त्या क्यूआर कोडमध्येच किल्ली असते. गेटवेकडून पुढे सर्व्हरकडे निरोप न्यायला एमक्यूटीटी ही पद्धत असेल तर तिच्या नेहमीच्या पोर्ट १८८३ वर, म्हणजे त्या दारातून, साधारणपणे पासवर्डसुद्धा उघडाच जातो. टीएलएस, म्हणजे वाटेतलं कुलूप, चालू करून पोर्ट ८८८३ घ्या.

ऊस हंगामात मी गाड्यांना ट्रॅकरही बसवतो. तिथं रोग साधाच आहे, कारखान्यातून आलेला १२३४५६ हा पासवर्ड. असा ट्रॅकर एसएमएसवर चालतो. सिमचा नंबर ज्याच्याकडे, त्याच्याकडे गाडीचा ठावठिकाणा. आधी पासवर्ड बदला, मग हुकूम देऊ शकणारे नंबर ठरवून टाका, म्हणजे मालक आणि घरातलं एक माणूस. इंजिन बंद करणारा रिले मी शक्यतो लावतच नाही. मालक हट्टालाच पेटला, तर गाडी उभी असतानाच चालेल असा लावतो. भरलेली डबल ट्रॉली उतारावर असताना कुणी तो एसएमएस पाठवला तर काय होईल, ते कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

पिकअपच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक गाडीची तपासणी करायला यंत्र जोडतो त्या खाचेत, कायम खोचून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल काढून टाका. गाडीचे आतले भाग ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसवर निरोप कुणी पाठवला हे तपासायची सोयच मुळात नाही. जो बोलेल त्याचं खरं. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा संशोधकांनी धावती जीप लांब बसून, मोबाईल नेटवर्कवरून थांबवून दाखवली होती. कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

बसवणारा निघण्याआधी त्याला विचारा, "अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे?" "माझ्याकडेच असू दे, तुम्हाला कशाला ताप" असं म्हणाला, तर चहा द्या आणि त्याच्या समोरच पासवर्ड बदलून घ्या. मी स्वतः अगदी परवापर्यंत हेच वाक्य म्हणत होतो.