किडनी प्रत्यारोपणात संशोधन करायचंय? आधी रिकाम्या चौकटी भरा

नवं कुणी माझ्या हाताखाली आलं की पहिल्या दिवशी विषय मागतं. मी विषय देत नाही, फॉलो-अपची यादी देते. त्यात ज्या नावांपुढची चौकट रिकामी आहे, त्यांचं पुढे काय झालं ते शोधायचं. किडनी चालू आहे, डायलिसिस परत सुरू झालं, की माणूसच गेला? महिनाभर फोन आणि जुन्या फायली. बरेच जण इथेच वैतागतात, आणि ते वेळेवर कळलेलं बरं. गोळ्या सोडलेले, गाव बदललेले, वारलेले, असेच पेशंट यादीतून गळतात. त्यांना वगळलं की कुठल्याही केंद्राचे आकडे गोजिरे दिसतात.

चौकटी भरल्या की घड्याळ कुठून सुरू करायचं ते ठरवा. इथे मी स्वतः आपटले आहे. माझ्या पहिल्या लेखात प्रत्यारोपण झालेले आणि डायलिसिसवर राहिलेले यांची तुलना होती, आणि दोघांचे दिवस डायलिसिस सुरू झाल्यापासून मोजले होते. किडनी मिळेपर्यंत जगलेलाच माणूस पहिल्या गटात येतो, म्हणजे तेवढा काळ त्याला फुकटचं अमरत्व. परीक्षकाने लेख परत पाठवला, आणि बरं केलं. वुल्फ आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा लेख मी त्यानंतर नीट वाचला. त्यांनी प्रतीक्षायादीवर असलेल्यांशीच तुलना केली आणि घड्याळही जपून लावलं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीवरच्यांच्या २.८ पट, दीड वर्षाने तोच ०.३२ पट. सरसकट एकच आकडा काढला असता तर ही सुरुवातीची चढण दिसलीच नसती.

मग तुलना कुणाशी? जिवंत दात्यांचं उदाहरण मी पाठ करून घेते. अमेरिकेतल्या दात्यांवरच्या २०१४ च्या अभ्यासात किडनी पूर्ण निकामी होण्याचा आयुष्यभराचा धोका दात्यांत दहा हजारांत ९० आला. सर्वसाधारण लोकांत ३२६, म्हणजे दाते मजेत! पण दाता मुळात तपासून, पारखून घेतलेला असतो. त्याच्याइतक्याच निरोगी, पण दान न केलेल्या माणसांत तो आकडा १४ आहे. दाता तोच, दोन तुलना, दोन उलट गोष्टी. समोर बसलेल्या दात्याला यातली कुठली सांगणार, हे ठरवल्याशिवाय संगणकाला हात लावू नका.

नोंदी ठेवताना नुसतं निदान लिहू नका. बायॉप्सीचं बॅन्फ वर्गीकरण, म्हणजे रिजेक्शनच्या (शरीराने नवी किडनी नाकारण्याच्या) खुणांना गुण द्यायची पद्धत, १९९१ च्या बैठकीपासून सुरू झालं आणि तेव्हापासून बदलतच आहे. २०१३ मध्ये सी-फोर-डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची बायॉप्सीत दिसणारी खूण) निगेटिव्ह असूनही अँटिबॉडीने झालेलं रिजेक्शन मान्य झालं. ज्यांच्या वहीत फक्त ‘रिजेक्शन नाही’ एवढंच होतं, त्यांना काचपट्ट्या पुन्हा काढाव्या लागल्या. ज्यांनी प्रत्येक घटकाचे गुण वेगवेगळे लिहून ठेवले होते त्यांचं बरंच काम बसल्या जागी झालं.

सीरमचंही (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाचंही) तसंच. प्रत्यारोपणाआधीचं थोडं सीरम, पेशंटची संमती घेऊन, राखून ठेवा. अँटिबॉडी शोधायच्या चाचण्या सुधारत जातात आणि जुन्या नळीला नवा प्रश्न विचारता येतो. नळीवर साध्या पेनाने नाव लिहू नका. माझ्या फ्रीझरमधली दोन वर्षांची शाई उडाली होती. त्या नळ्यांचं मग काय करणार, फेकल्या.

संख्याशास्त्र शिका, पण त्याचा बाऊ नको. पटेल आणि तेरासाकींच्या १९६९ च्या लेखाचा गाभा एका छोट्या तक्त्यात मावतो: क्रॉसमॅच (दात्याच्या पेशींवर पेशंटचं सीरम घालून बघायची चाचणी) पॉझिटिव्ह असलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच बंद पडल्या, निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी ८. पुढे क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं जवळजवळ संपलं.

अनुदान, लेखकांचा क्रम, परिषदा यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, मी सोडून देते.

शेवटचं, एका वेळी दोन प्रश्न हाताशी ठेवा. एक वर्षभरात उत्तर देणारा: पहिल्या आठवड्यात डायलिसिस का लागलं, टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी का खालीवर होते. त्यावर नोकरी टिकते. दुसरा लांबचा. त्यात अंदाजावर भिस्त ठेवू नका. पहिल्या काही वर्षांवरून किडनीचं आयुष्य भाकीत करणारे आकडे एकेकाळी फार गाजले. २००४ मध्ये प्रत्यक्ष आयुर्मान मोजलं तेव्हा सुधारणा भाकितापेक्षा बरीच कमी निघाली. लांबच्या प्रश्नाला लांबच बसावं लागतं. चालू किडनीनिशी वारलेल्यांना धरून एकदा आणि वगळून एकदा, असे दोन्ही आकडे दरवर्षी काढा.

माझा लांबचा प्रश्न अजून चालू आहे. आज सकाळी त्याच्या यादीत अकरा चौकटी रिकाम्या होत्या. दुपारी एक फोन लागला, आता दहा.