ओट्यासाठी दगड निवडताना या चुका टाळा

दुकानात स्लॅब उभा असतो, कोरडा असतो आणि त्यावर दिव्यांचा झोत असतो. घरी तोच दगड आडवा पडतो आणि दिवसभर ओला नि तेलकट राहतो. तरी बहुतेकजण त्या उभ्या स्लॅबलाच होकार देऊन मोकळे होतात.

नावावर विसंबणे

व्यापारातलं नाव आणि दगडाची जात जुळेलच असं नाही. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड बऱ्याचदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. त्याने बिघडत काही नाही, ओट्याला तो झकास. खरा घोळ पांढऱ्या दगडांत होतो. क्वार्ट्झाइट या टणक नैसर्गिक दगडाच्या नावाखाली चक्क संगमरवर गळ्यात पडू शकतो. क्वार्ट्झ तर तिसराच प्रकार, दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट द्रव्यात दाबून कारखान्यात बनवलेला. गरम भांडं थेट टेकवलं तर त्यातलं रेझिन करपतं. ओळखायचं असेल तर तुकड्याची न घासलेली कड जुन्या काचेवर जोरात ओढा. क्वार्ट्झाइट काचेवर ओरखडा काढतो, संगमरवर नुसता घसरतो. मोझच्या काठिण्यश्रेणीत पहिला 7च्या आसपास, दुसरा जेमतेम 3.

चट्ट्याला डाग समजणे

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो यांतलं आम्ल त्यावर सांडलं की वरचा थर विरघळतो, चकाकी जाते आणि फिकट चट्टा उरतो. तो घासून कसा निघणार? दगडच झिजलेला असतो. घासणीने जोर लावलात तर आजूबाजूचं पॉलिशही जाईल. डाग वेगळा: तेल किंवा रंग आत मुरतो आणि ती जागा गडद दिसते.

सीलरबद्दलचा गैरसमजही इथलाच. सीलर म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवायला वरून लावतात तो द्रव. तो मुरणं लांबवतो, आम्लाला अडवत नाही. म्हणजे सीलर मारलेल्या संगमरवरावरही लिंबाच्या फोडीची खूण उठणारच.

तेलाच्या डागावर खायच्या सोड्याचा दाट लेप लावा, प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवा, मग उघडून वाळू द्या आणि पुसून घ्या. एका फेरीत जाईलच असं नाही. चट्ट्याला मात्र पुन्हा पॉलिश करण्यावाचून इलाज नाही.

माझं मत विचाराल, तर जुन्या वळणाच्या स्वयंपाकघरात मॅट संगमरवर फार शोभतो. त्यावर चट्टे पडतात, पण एकमेकांत मिसळून जातात. ओटा दहा वर्षांनीही कोरा दिसायला हवा असेल, तर संगमरवराच्या वाटेला जाऊ नका. ग्रॅनाइट घ्या. किंवा शंखजिऱ्याचा दगड, ज्याला सोपस्टोन म्हणतात. त्याला आम्ल बाधत नाही, सीलर लागत नाही. ओरखडे मात्र लवकर पडतात, पण बारीक पॉलिशपेपरने घासून तेलाचा हात फिरवला की बुजतात.

तुकडा घरी न आणणे

त्याच स्लॅबचा तुकडा मागा. त्यावर लिंबू पिळा, तेल सांडा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या कोपऱ्यावर पाण्याचे थेंब टाका. दहा-पंधरा मिनिटांत जागा गडद झाली तर दगड पाणी पितो, त्याला सीलर हवाच. काळ्या दगडावर ॲसिटोन लावलेलं पांढरं फडकं घासा. फडक्यावर काळं आलं, तर दगडाला रंग दिलेला आहे.

वजन आणि कापणी मिस्त्रीवर सोडणे

20 मिमी जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला साधारण 54 किलो भरतं, 30 मिमीचं 80 च्या पुढे. जुन्या लाकडी कपाटांवर बसवणार असाल तर आधी त्यांची पातळी आणि ताकद तपासून घ्या. पुढे आलेला भाग आधाराशिवाय किती ठेवायचा? 20 मिमीला 15 सेंमीपर्यंत, 30 मिमीला 25.

सिंकच्या कापाचे आतले कोपरे गोलसर ठेवायला सांगा, कारण काटकोनातूनच तडा धावतो. आणि पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्या. ती नसेल तर सांडलेलं पाणी कडेला वळसा घालून खालच्या कपाटांच्या दारांवर उतरतं.