सत्राच्या आदल्या दिवशीची तयारी

उद्या लसीकरण आणि तपासणीचं सत्र असेल तर तयारी आज दुपारीच सुरू करायची, आणि लसींचा फ्रिज उघडण्याआधी फोन हातात घ्यायचा. रक्तदाब, साखर, गर्भाशयमुख यांपैकी कुठे काही बिघडलेलं सापडलं, तर त्या व्यक्तीला कोणाकडे, कोणत्या वारी, कोणते कागद घेऊन पाठवायचं हे आधी बोलून पक्कं करायचं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी तपासणीची (त्रास जाणवत नसलेल्यांतून आजार हुडकण्याची) तत्त्वं मांडली, त्यात निदानाची आणि उपचाराची सोय असली पाहिजे ही अट आहेच. माझ्या मते ती सगळ्यात वरची. पुढची वाट ठरलेली नसताना एखाद्या बाईला ‘तुमच्या तपासणीत काहीतरी दिसतंय’ एवढंच सांगून घरी पाठवणं म्हणजे तिच्या पदरात नुसती भीती घालणं.

मग नावांची यादी. कोणाचा कितवा डोस, कोणाचा चुकला, कोणाची फेरतपासणी राहिली, हे कार्ड आणि नोंदवही शेजारी ठेवून काढा. चुकलेल्या डोसांसमोर लगेच लिहून ठेवा: जिथे थांबलं तिथून पुढे. मधे बरेच महिने गेले म्हणून बहुतेक लसींची मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. साधी सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब यांसाठीही बाळाला परत पाठवू नका; एकदा परत पाठवलेली आई पुन्हा येईलच असं नसतं. आधीच्या डोसाला तीव्र अ‍ॅलर्जी झाली होती का, हे मात्र प्रत्येकाला विचारायचं. गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल तर जिवंत (पण कमजोर केलेल्या) विषाणूच्या, म्हणजे गोवरासारख्या लसी थांबवायच्या. इंजेक्शनाने द्यायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्या, नाहीतर मधे किमान ४ आठवडे जाऊ द्या.

यादीतला फोन नंबर हा माझा दुखरा कोपरा आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंच्या अहवालात बिघाड दिसला. वहीतला नंबर लावला तर तो शेजारच्यांचा निघाला आणि ते घर सोडून गेले होते. बाईंपर्यंत पोहोचायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी नंबर समोरच लावून बघते. शिवाय विचारते, ‘फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू?’ काहींना घरात कळू द्यायचं नसतं. ते उत्तरही नंबराशेजारी लिहा.

आता फ्रिज. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस, दिवसातून दोनदा नोंद, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्या डोक्यात भीती बसलेली असते ती उष्णतेची, आणि गोठण्याकडे दुर्लक्ष होतं. धनुर्वात, घटसर्प-डांग्या खोकला, कावीळ ब, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवरची) या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. वितळल्यावर कुपी वरवर बघून कळेलच असं नाही. कुपीवरचं व्हीव्हीएम, म्हणजे वर्तुळातला तो चौकोन, फक्त उष्णता मोजतं. गोठलेल्या कुपीवर तो फिकट, अगदी छान दिसतो. म्हणून या लसी गोठणकप्प्याजवळ किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या थंड डब्यात, थेट फ्रीझरमधले आइसपॅक घालू नका. ते बाहेर काढून ठेवा आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच भरा. सकाळच्या घाईत नेमकी हीच अर्धी-पाऊण तासाची वाट बघणं राहतं, म्हणून आइसपॅक काढायची वेळ आजच कागदावर लिहून दारावर चिकटवा. व्हीव्हीएमचा चौकोन वर्तुळाइतका किंवा जास्त गडद झाला असेल तर कुपी बाद.

गोवर आणि बीसीजी (क्षयरोगाची लस) यांच्या भुकटीसोबत ती विरघळवायचं त्याच उत्पादकाचं द्रावण आहे ना, कुपीला कुपी लावून मोजा, आणि द्रावणही आज रात्रीच थंडीत ठेवा. विरघळवल्याची वेळ कुपीवर लिहायची. ६ तास झाले किंवा सत्र संपलं, जे आधी होईल तेव्हा ती टाकून द्यायची, आत कितीही डोस उरलेले असोत. या लसींत जंतुरोधक नसतं आणि उघड्या कुपीत वाढलेल्या जंतूंनी मुलं दगावलेली आहेत. इथे काटकसर नको.

अ‍ॅड्रेनलिनचा, म्हणजे लसीनंतर तीव्र अ‍ॅलर्जी उठली तर द्यायच्या औषधाचा, ट्रे स्वतः उघडून बघा. ‘असेलच’ म्हणून पुढे जाऊ नका. १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमची कुपी, मुदत, रंग; तांबूस झाली असेल तर बदला. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. वजनानुसार आकडे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, कारण त्या क्षणी गणित सुचत नाही. लस घेतलेल्यांना किमान १५ मिनिटं बसवायला खुर्च्या हव्यात. किशोरवयीन मुलं-मुली चक्कर येऊन पडतात, त्यांना बसवून किंवा आडवं करूनच सुई द्या. बाळासाठी आईला टेकून बसता येईल अशी जागा ठेवा: बाळ कुशीत, शक्य असेल तर अंगावर पीत असताना, आणि सगळ्यात दुखणारी लस शेवटी.

रक्तदाबाच्या टेबलाशी पाठ टेकणारी खुर्ची आणि दोन-तीन मापांचे कफ लागतात. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा चढतो. ५ मिनिटं शांत बसणं, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, दंड हृदयाच्या पातळीला, मोजताना गप्पा नाहीत, आणि दोन वेळा मोजणं. १४०/९० किंवा वर आलं तरी एका दिवसावर शिक्का मारायचा नाही, पुन्हा मोजायला वेगळ्या दिवसाची तारीख द्यायची. १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, धाप किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर त्याच घटकेला पुढे पाठवायचं. उपाशीपोटी साखरेसाठी यायचंय त्यांना आजच निरोप द्या: ८ तास पाण्याशिवाय काही नाही.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला पडदा, दिवा, वेगवेगळ्या मापांचे स्पेक्युलम (आत बघता यावं म्हणून योनीमार्ग उघडा धरणारं साधन), आणि आतून कडी लागणारं दार. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून (बिघडलेला भाग पांढरा दिसतो) बघणार असाल तर ३ ते ५ टक्क्यांचं ताजं द्रावण आणि मिनिटभर थांबायला घड्याळ. एचपीव्ही चाचणीत बाई स्वतःही नमुना घेऊ शकते. संकोचणाऱ्यांना ते आवर्जून सांगा. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी सुटत नाही, हेही.

सुयांचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, म्हणून एक रिकामा जास्तीचा ठेवा. आणि उद्या संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास आजच मोकळा राखून ठेवा: यादीतले जे आले नाहीत, त्यांना फोन करायला.