डॉक घ्यायच्या आधी हे बघा: एका टाइप-सी केबलमधून चार्जिंग, मॉनिटर आणि डेटा नक्की कसं जातं

माझ्या मावसभावाने घरून काम करायचं म्हणून एक टाइप-सी हब (लॅपटॉपच्या एका पोर्टला लावून मॉनिटर, लॅन, पेनड्राइव्ह जोडायचा छोटा डबा) मागवला, खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के, १०० वॉट, यूएसबी ३ असं सगळं छापलेलं, आणि लावून बघतो तर मॉनिटरवर माउस अडखळत सरकतोय, चार्जर लावलेला असूनही दोन तासांच्या मीटिंगमध्ये बॅटरी ८० वरून ६८ टक्क्यांवर आली, आणि वर लॅपटॉप सांगतोय की स्लो चार्जर जोडलाय. तो हब परत पाठवायला निघाला होता. मी संध्याकाळी जाऊन बघितलं तर हबमध्ये काहीच बिघाड नव्हता आणि खोक्यावरचा एकही आकडा खोटा नव्हता, फक्त ते आकडे कधी मिळतात आणि कधी नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. असे हब खूप लोक परत पाठवतात आणि मग त्याच जातीचा दुसरा घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. डॉक म्हणा की हब म्हणा, तो स्वतः काही निर्माण करत नाही, लॅपटॉपच्या त्या एका पोर्टमधून जेवढं बाहेर येतं तेवढंच तो चार ठिकाणी वाटतो. त्यामुळे बघायचा क्रम असा की आधी लॅपटॉपचं पोर्ट, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी डॉक. आपण नेमकं उलटं करतो, आधी डॉक मागवतो आणि मग पोर्ट शोधतो.

पोर्ट कसं ओळखायचं? टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे, आत काय चालतं ते त्यावरून कळत नाही. पोर्टशेजारी इंग्रजी डी आणि पी जोडून काढलेलं (डिस्प्लेपोर्टचं) चिन्ह असेल तर व्हिडिओ मिळतो, बाणासारखी वीज असेल तर थंडरबोल्ट (टाइप-सी आकाराचंच, पण जास्त वेगाचं पोर्ट), आणि बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह असेल तर बहुतेक त्यातून चार्जिंग होतं. काहीच चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या (नुसतं सिरीजचं नाव नको, एकाच सिरीजमध्ये पोर्ट वेगवेगळे असतात) आणि कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये 'डिस्प्लेपोर्ट' (चित्रासाठी) आणि 'पॉवर डिलिव्हरी' (चार्जिंगसाठी) हे दोन शब्द शोधा. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये टाइप-सी पोर्ट फक्त डेटाचं असतं, त्याला कितीही महागडा साधा हब लावा, चित्र येणार नाही. आणि दोन टाइप-सी पोर्ट असले तरी दोन्ही सारखेच असतील असं धरून चालू नका.

आता आत काय होतं ते. टाइप-सी कनेक्टरमध्ये २४ पिना असतात, त्यातल्या काही पॉवरच्या, काही लॅपटॉप आणि डॉक यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी, आणि जास्त स्पीडचा माल वाहायला चार लेन. हा चौपदरी रस्ता समजा, आणि बाजूने एक जुना सर्व्हिस रोड जातो, तो यूएसबी २.० चा, त्याच्या तारा वेगळ्याच असतात. मॉनिटर जोडला की लॅपटॉप आणि डॉक ठरवतात की या चार लेन कोणाला द्यायच्या. एक तर दोन लेन व्हिडिओला आणि दोन यूएसबी ३ ला, नाहीतर चारही लेन व्हिडिओला आणि मग बाकी सगळं, पेनड्राइव्ह, लॅन, हार्ड डिस्क, त्या सर्व्हिस रोडवरून. साध्या टाइप-सी डॉकमध्ये, म्हणजे थंडरबोल्ट नसलेल्या, हे दोनच पर्याय आहेत, आणि लोकांच्या अर्ध्या तक्रारी इथूनच येतात.

हिशोब करून बघा. ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, चालवायला सेकंदाला साधारण १२.५ गिगाबिट लागतात. जुन्या पद्धतीच्या दोन लेनमधून, ज्याला एचबीआर २ म्हणतात, फक्त ८.६४ जातात. म्हणून चित्र ३० हर्ट्झवर उतरतं, आणि ३० हर्ट्झला माउस अडखळल्यासारखा वाटतो, भावाचं तेच झालं होतं. खोक्यावर ४के लिहिलेलं होतं ते खरंच होतं, फक्त शेजारी बारीक अक्षरात ३० होतं. नवीन लॅपटॉप आणि नवीन डॉक दोघांनाही एचबीआर ३ येत असेल तर त्याच दोन लेनमधून १२.९६ जातात आणि ४के ६० जेमतेम बसतं. म्हणजे एकाच डॉकवर एका लॅपटॉपला ६० मिळतात आणि शेजारच्याच्या जुन्या लॅपटॉपला ३०, यात डॉकचा दोष नाही.

तुम्हाला किती मिळतंय ते विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे दिसतं. ३० दिसत असेल तर आधी यादीत ६० चा पर्याय आहे का ते बघा, कधी कधी नुसतं निवडायचं राहिलेलं असतं. नसेल तर रिझोल्युशन १४४० वर आणा, त्याला साधारण ५.६ गिगाबिट पुरतात, ६० हर्ट्झ मिळतात, अक्षरं थोडी मऊ दिसतात पण डोळ्यांना ३० हर्ट्झपेक्षा कितीतरी बरं. आणि सगळ्यात सोपा उपाय जो कोणी करत नाही तो म्हणजे लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय पोर्ट असेल तर मॉनिटर सरळ तिथे लावा. भावाच्या लॅपटॉपचं एचडीएमआय २.० होतं, थेट लावलं, लगेच ६० हर्ट्झ. हबला बाकीची कामं राहिली. (एचडीएमआय १.४ असेल तर मात्र तिथेही ४के ला ३० च मिळतील.)

काही मॉनिटरमध्येच डॉक असतो, एक टाइप-सी केबल लावली की झालं, त्यांच्या मेनूमध्ये बऱ्याचदा 'हाय रिझोल्युशन' की 'हाय डेटा स्पीड' असा पर्याय असतो. हा तोच चार लेन वाटण्याचा निर्णय आहे, फक्त तुमच्या हातात दिलेला. हार्ड डिस्क मॉनिटरला लावून कॉपी कासवाच्या गतीने चालली असेल तर तिथे जाऊन बघा.

दोन मॉनिटर लावायचे असतील तर नीट लक्ष द्या. साधे डॉक एमएसटी नावाच्या पद्धतीने एकाच व्हिडिओच्या धाग्यातून दोन मॉनिटर काढतात, म्हणजे तीच दोन किंवा चार लेनची जागा दोघांत वाटली जाते. विंडोजवर हे छान चालतं, दोन साधे १०८० चे मॉनिटर आरामात बसतात. मॅकवर चालत नाही, तिथे अशा डॉकमधून दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं, आणि त्याला कुठलीही सेटिंग नाही. शिवाय ॲपलच्या एम १ आणि एम २ चिपवाल्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, एम ३ च्या एअरला झाकण बंद ठेवलं तर दोन, एम ४ पासून झाकण उघडं असतानाही दोन. मॅकवाल्यांनी डॉक घ्यायच्या आधी हे वाचाच, कारण दुकानात कोणी सांगत नाही.

मग अशा मॅकवर जास्तीचा मॉनिटर किंवा फक्त डेटाच्या पोर्टवर एखादा मॉनिटर लावायचाच असेल तर डिस्प्लेलिंकचा डॉक लागतो. हा वेगळा प्रकार आहे, यात लॅपटॉप चित्र दाबून लहान करतो, साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो आणि डॉकमधली चिप ते परत उलगडते. त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो, मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, प्रोसेसरवर थोडा भार पडतो, आणि मॅकवर ओटीटीवरचे सिनेमे काळे दिसू शकतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर तुम्हाला ड्रायव्हर टाकायची परवानगी नसेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एक्सेल, मेल, कोडिंग याला उत्तम, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला मी तरी सुचवणार नाही.

आता पॉवर. टाइप-सी मध्ये केबल लावल्या लावल्या करंट धो धो येत नाही, आधी दोन्ही बाजू बोलतात. चार्जर सांगतो माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, लॅपटॉप सांगतो मला २० दे, मग पुरवठा वाढतो. ज्या हबला स्वतःचा ॲडॉप्टर नसतो, तुम्ही आपला चार्जर हबला लावता आणि हब तो पुढे देतो, तो हब आधी स्वतःसाठी आणि आपल्या पोर्टांसाठी साधारण १० ते १५ वॉट बाजूला काढतो आणि उरलेलेच लॅपटॉपला देतो. १०० वॉट म्हणजे तो सहन करू शकतो, तो देतो असं नाही. भावाने लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर ऑफिसमध्ये ठेवून फोनचा ४५ वॉटचा लावला होता, त्यातून १५ गेले, राहिले ३०, आणि व्हिडिओ कॉल अधिक बाहेरचा मॉनिटर म्हटल्यावर लॅपटॉपला त्याहून थोडं जास्त लागत होतं, ते बॅटरीतून निघत होतं. म्हणून नियम सोपा ठेवा, लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर जेवढे वॉट लिहिलेत त्यात २० मिळवा आणि तेवढा चार्जर हबला लावा. ६५ वाल्याला ९० किंवा १०० चा.

स्वतःचा ॲडॉप्टर असलेल्या डॉकमध्ये ॲडॉप्टरवरचा आकडा बघू नका, लॅपटॉपला किती जातात तो वेगळा आकडा असतो, तो बघा. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवरखाली किती वॉट येतायत ते दिसतं. गेमिंग लॅपटॉप ज्यांचा गोल पिनेचा १८० किंवा २३० वॉटचा चार्जर असतो त्यांना साध्या १०० वॉटच्या डॉकवर जोरात काम चालणार नाही, त्यांचा मूळ चार्जर लावूनच ठेवा. पॉवर डिलिव्हरीची २०२१ ची आवृत्ती २४० वॉटपर्यंत जाते, पण लॅपटॉप, डॉक आणि केबल तिघांनाही ती यायला हवी.

केबलचं तर विचारूच नका, सगळ्या दिसायला सारख्या. ३ अँपियरच्या वर, म्हणजे ६० वॉटच्या वर, जायचं असेल तर केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप लागते, ती नसेल तर चार्जर मुकाट्याने ६० वर थांबतो. आणि चार्जिंगच्या बहुतेक केबलमध्ये त्या चार लेनच नसतात, फक्त सर्व्हिस रोड असतो, ॲपलची टाइप-सी चार्जिंग केबलसुद्धा यूएसबी २.० चीच. ती डॉकला लावली की चार्जिंग होतं, कीबोर्ड चालतो, मॉनिटर मात्र काळा. माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. डॉकसोबत आलेली केबल त्या डॉकलाच ठेवा, तिच्यावर रंगीत टेप लावा, घरातल्या कोणी फोनला नेली नाही पाहिजे. लांब केबलचा मोहही नको, ४० जीबीपीएसच्या (सेकंदाला ४० गिगाबिट) पॅसिव्ह, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेल्या, केबल साधारण ०.८ मीटरपर्यंतच असतात.

डेटाचं थोडक्यात. डॉकवर सहा पोर्ट असले तरी मागे लॅपटॉपकडे जाणारी वाट एकच, त्यामुळे दोन एसएसडी एकदम लावल्या तर दोन्ही हळू होणार. सर्व्हिस रोडवर पडलात तर १०० जीबी कॉपी करायला पाऊण तास लागतो, कारण तिथे सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास मिळतात, आणि यूएसबी ३ वर चांगल्या एसएसडीला तेच काम चार-पाच मिनिटांचं. लॅन पोर्ट पण आतून यूएसबीवरच असतं, म्हणून गिगाबिटचं कनेक्शन असून ३०० एमबीपीएसच्या आसपासच मिळत असेल तर आधी इथेच शंका घ्या. आणि डॉकच्या लॅनला स्वतःचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) असतो, तुमच्या ब्रॉडबँडवाल्याने लॅपटॉपचा ॲड्रेस बांधून ठेवला असेल आणि मध्ये राउटर नसेल तर नेट चालणार नाही, त्याला फोन करून नवीन ॲड्रेस द्या.

वायरलेस माउसचा छोटा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला किंवा चालू हार्ड डिस्कच्या अगदी शेजारी लावू नका, यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो आणि माउस उड्या मारतो. अर्ध्या मीटरची एक्स्टेंशन घेऊन डोंगल लांब ठेवला की थांबतं.

थंडरबोल्ट ३, ४ आणि यूएसबी ४ मध्ये हा लेन वाटण्याचा प्रश्न बराच सुटतो, कारण तिथे व्हिडिओ आणि डेटा एकाच ४० जीबीपीएसपर्यंतच्या बोगद्यातून गरजेप्रमाणे जागा घेत जातात. थंडरबोल्ट ४ मध्ये दोन ४के मॉनिटर चालवण्याची सोय लॅपटॉपमध्ये असायलाच लागते. पण किंमत बरीच जास्त, आणि लॅपटॉपला थंडरबोल्ट नसेल तर तो डॉक साध्या टाइप-सी सारखाच चालतो, किंवा काही जुने थंडरबोल्ट ३ वाले अजिबात चालत नाहीत. एक मॉनिटर, कीबोर्ड, लॅन एवढंच असेल तर पैसे घालवू नका.

शेवटी लाईट जाण्याबद्दल, कारण परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये हे कोणी सांगत नाही आणि आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा गुरुवार आला की हाच प्रश्न. लाईट गेली की ॲडॉप्टरवाला डॉक पूर्ण मरतो, मॉनिटर गेला, लॅन गेलं, लॅपटॉप एकटा चालू राहतो. चार्जर पुढे देणारा हब मरत नाही, तो लॅपटॉपकडून पॉवर घ्यायला लागतो, पण बऱ्याच हबमध्ये त्या अदलाबदलीत क्षणभर सगळं तुटतं आणि परत जोडलं जातं, आणि तेवढ्यात हार्ड डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाइल खराब होते. माझ्या आईच्या साठीचे फोटो असेच अर्धवट कॉपी झाले होते, मूळ कार्ड पुसलं नव्हतं म्हणून वाचले. इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ जातो, आणि डॉक, मॉनिटर, राउटर तिघांचे प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर महत्त्वाची कॉपी करताना हार्ड डिस्क हबमधून काढा आणि सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावा, लॅपटॉपच्या बॅटरीवर ती चालू राहील.