जर्मनीत नवीन आलात? लेक्चर संपल्यानंतरचं थोडं

ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी पैसे भरून ठेवायचं खातं), आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची नोंदणी), आरोग्य विमा याबद्दल तुम्हाला विमानात बसायच्या आधीच दहा जणांनी दहा प्रकारे सांगितलेलं असणार. ते सगळं कटकटीचं असलं तरी होऊन जातं. अडतं ते पुढे. खोली मिळते, बँकेचं कार्ड येतं, आणि नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडायला लागला की मुलं खोलीत बसून घरी तासन्‌तास व्हिडिओ कॉल करायला लागतात. ‘जर्मन लोक फार थंड’ हे वाक्य डिसेंबरपर्यंत पाठ होतं. थंड नाहीत हो. त्यांचं सगळं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी चालतं आणि त्या ठरलेल्यात तुम्ही नसाल तर तुमची गाठ पडणार कशी?

म्हणून लेक्चर सुरू व्हायच्या आधीचा एर्स्टी-वोखे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांचा आठवडा, बुडवू नका. शहरभर फिरून खेळायचे खेळ, एकत्र नाश्ता, एका पबातून दुसऱ्यात जाणं असा सगळा कार्यक्रम असतो. आपली मुलं त्याला टाइमपास समजतात आणि जर्मन मुलांचे पुढच्या दोन-तीन वर्षांचे गट नेमके तिथेच जमतात. व्हिसा उशिरा मिळाल्यामुळे तो आठवडा हुकला असेल तर फाखशाफ्टच्या, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाच्या, खोलीत जा. बऱ्याच ठिकाणी तिथे जुने पेपर मिळतात. ही बातमी आपल्या लोकांना बरोबर लागते, पण पेपर घेऊन लगेच पळू नका. तिथल्या जुन्या सोफ्यावर बसून एक कॉफी प्या, त्यांच्या पुढच्या पार्टीत काउंटरवर उभं राहायला माणूस हवाय का विचारा. बहुतेक वेळा हवाच असतो, आणि एका रात्रीत पन्नास जणांशी बोलणं होतं.

दुसरं म्हणजे होखशूलश्पोर्ट. बॅडमिंटन, क्लाइंबिंग, रोइंग, साल्सा, काय म्हणाल ते युनिव्हर्सिटीतच, आणि बाहेरच्या जिमच्या मानाने अगदी स्वस्तात. नावनोंदणी ठरावीक दिवशी ठरावीक मिनिटाला उघडते आणि चांगले कोर्स चहा गाळेपर्यंत भरून जातात, तेव्हा लॅपटॉप उघडून तयार बसा. क्रिकेट क्लबही बऱ्याच शहरांत आहेत. जरूर खेळा, पण तिथे भेटतील ते भारतीय, पाकिस्तानी आणि अफगाण. त्यामुळे तुमची हिंदी-उर्दू सुधारेल, जर्मन नाही.

आता भेटीगाठींचं. ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं’ हा प्रकार इथे नाही. कॅलेंडर काढतात, दोन आठवड्यांनंतरचा गुरुवार ठरतो, आणि त्या गुरुवारी तो माणूस खरंच येतो. मधे आठवणीचा मेसेजही करत नाही. लेक्चरच्या वेळेपुढे c.t. अशी दोन लॅटिन अक्षरं दिसली की ते सव्वाला सुरू होतं, दहा म्हणजे सव्वादहा. ही सवलत फक्त लेक्चरला आहे. घरी सातला बोलावलं तर सातला जा. पावणेसातलाही नको.

बोलावणं बहुतेक बोर्ड गेमचं असेल. आपल्याकडे सापशिडी संपली की विषय संपतो. इथे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला 1979 पासून पुरस्कार दिला जातो, आणि 1995 मध्ये तो मिळालेला काटान आजही निम्म्या विद्यार्थ्यांच्या कपाटात सापडेल. एक जण नियमांची पुस्तिका घेऊन वाचायला लागतो. वीस मिनिटं. कुणी ‘खेळता खेळता कळेल’ म्हणत नाही, मधे कुणी फोन बघत नाही, आणि एखादी तरी शंका काढणारी मुलगी असतेच. पहिल्यांदा वैताग येतो. पण भाषा कच्ची असलेल्यासाठी याच्याइतकी सोपी संध्याकाळ नाही, कारण काय बोलायचं ते खेळच ठरवून देतो. जाताना स्वतःला प्यायचं ते स्वतः घेऊन जा. दारू नको असेल तर ‘नको’ एवढं पुरतं, कुणी आग्रह करत नाही.

बाहेर खाल्लं की ज्याचं त्याने द्यायचं. ‘मी देतो, मी देतो’ ही ओढाताण करू नका, ते खरंच देऊ देतील. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात.

आता मुख्य मुद्दा. हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. टॉरेंट वापरू नका. एक सिनेमा नाही, एक एपिसोड नाही, ‘फक्त जुना मराठी पिक्चर’ म्हणूनही नाही. डाउनलोड होत असताना त्याच फाइलचे तुकडे तुमच्या लॅपटॉपवरून दुसऱ्यांना जात असतात, आणि इथे ते वाटप पकडतात. निर्मात्यांचे वकील आयपी अ‍ॅड्रेस टिपतात, कोर्टामार्फत नेट कंपनीकडून नाव काढतात आणि काही आठवड्यांनी आबमानुंग, म्हणजे वकिलाची नोटीस, पोस्टाने घरी येते. मागणी शेकड्यांत असते, कधी हजार युरोच्या आसपास.

एका शेअर फ्लॅटमधली गोष्ट मला जवळून माहीत आहे. नवीन आलेल्या मुलाने इथे आल्यावर काहीच डाउनलोड केलं नव्हतं. लॅपटॉप सुरू झाला की टॉरेंटचं सॉफ्टवेअर आपोआप चालू व्हायचं आणि भारतात अर्धवट राहिलेली सिरीज फ्लॅटच्या वायफायवर आपली उतरत राहिली. नोटीस त्याच्या नावावर आलीच नाही. नेटचं कनेक्शन जिच्या नावावर होतं त्या मुलीला आली, तीही परीक्षेच्या आठवड्यात. पैसे त्याने शनिवार-रविवार गोदामात खोके उचलून फेडले, पण त्या स्वयंपाकघरात नंतर त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. मैत्री जमवायला चार महिने लागले होते.

तेव्हा निघायच्या आधी ते सॉफ्टवेअर काढून टाका. मोबाइलमधूनही. नोटीस आलीच तर तिच्यासोबतच्या हमीपत्रावर जशीच्या तशी सही करू नका आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. उत्तराची मुदत थोडी असते. बऱ्याच युनिव्हर्सिटीत विद्यार्थी परिषदेकडे, म्हणजे आस्टाकडे, वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. नाहीतर ग्राहक सल्ला केंद्र आहे, फेरब्राउखरत्सेंट्राल. ‘मी वर्षानुवर्षं करतोय, मला कधी आलं नाही’ असं सांगणारा एक दादा प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो. पत्र आल्यावर तो दादा पैसे भरायला येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं निघालंच आहे तर सांगते. मराठी मंडळं मोठ्या शहरांत आहेत, गणपती-दिवाळी दणक्यात होते, जरूर जा. पण रोजचं जेवण, अभ्यास, सिनेमा, सहल सगळं त्याच सहा जणांबरोबर असेल तर दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत जर्मन बोलताना घाम फुटतो. मग दोष जर्मनीचा. शिवाय या ग्रुपांत कुणाला किती पगार, कुणाचा व्हिसा अडकला याच्या चौकशा फार चालतात. त्यात पडू नका.

रविवारी दुकानं बंद असतात, कुरकुर करून उघडत नाहीत. सेमेस्टरच्या तिकिटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवासाच्या पासवर, कुठवर जाता येतं ते बघा आणि डब्यात पोळीभाजी घेऊन डोंगराकडे निघा. मात्र ते तिकीट आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, चालत नाही. पकडलं तर किमान 60 युरो. रात्री दहानंतर शांतता पाळायची, आणि काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायचं कामही रविवारी नको, शेजारीण खिडकीतून बघत असते.

डिसेंबरात शेवटच्या आठवड्यात शहर रिकामं होतं, फ्लॅटमधली सगळी आपापल्या घरी जातात. कुणी आपल्या घरी ख्रिसमसला बोलावलं तर हो म्हणा, ते सहज बोलावत नाहीत. नाहीतर आपल्या मंडळींबरोबर आधीच काहीतरी ठरवून ठेवा. आणि किराणा 24 तारखेला सकाळीच भरा. दुपारी दुकानं बंद होतात ती थेट 27 ला उघडतात, आणि 27 ला रविवार आला तर 28 ला.